पाहुण्यांचं पाणी

तळवड्याच्या त्या कंपनीत ॲल्युमिनियमच्या भागांवर रंग चढवायचं काम चालतं. मोटारसायकलच्या आरशाच्या दांड्या, ब्रेकचे लिव्हर, कसल्या कसल्या टोप्या. लाल, निळ्या, सोनेरी. भाग नटूनथटून चाकणला जातात आणि त्यांना धुतलेलं पाणी मागल्या दाराने नवनाथकडे येतं. नवनाथ ईटीपीवर होता. ईटीपी म्हणजे कंपनीचं घाण पाणी साफ करून बाहेर सोडायची जागा. ती नेमकी कुठे आहे, हे कंपनीतल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. कॅन्टीन मात्र सगळ्यांना माहीत होतं.

नवनाथला त्याचं वाईट वाटत नसे. बीडकडून आलेला माणूस, दहावीला गणितात गेलेला; ठेकेदाराकडून का होईना, शेडच्या सावलीतलं काम मिळालं होतं. चुना टाकायचा, तुरटी टाकायची, गाळ बसला की वरचं पाणी पुढे सोडायचं. चुन्याने आम्ल मरायचं, गाळ खाली बसायचा, पण रंग काही हटायचा नाही. लाल आलेलं पाणी जाताना जरा फिकं जायचं, एवढाच काय तो फरक. ते कंपनीमागच्या ओढ्यात पडायचं आणि ओढा पुढे इंद्रायणीला मिळायचा.

आणि पाहुणे आले की पाइप सोडायचा. हे त्याला कोणी हुकूम म्हणून सांगितलं नव्हतं. आधीच्या ऑपरेटरने जाता जाता दाखवलं होतं, त्याला त्याच्या आधीच्याने. पाहुणे म्हणजे बाटल्या घेऊन येणारी माणसं. सरकारी असोत नाहीतर गिऱ्हाइकाकडची. गेटवरचा शहेबाज त्यांना खुर्ची द्यायचा, चहाचं विचारायचा, आणि तेवढ्यात नवनाथला एक मिस्ड कॉल द्यायचा. नवनाथ चांगल्या पाण्याचा पाइप शेवटच्या टाकीत सोडायचा. पाहुणे पोचेपर्यंत पाणी दिसायला बरं व्हायचं. मॅनेजर दिग्विजय साहेब त्यावर चकार शब्द काढत नसत. "पाहुणे यायचेत, टाकी नीटनेटकी ठेव," एवढंच म्हणत, आणि नीटनेटकी म्हणजे काय हे उलट विचारण्याइतका नवनाथ दुधखुळा नव्हता. त्या पट्ट्यात या कामाला कोणी लबाडी म्हणत नाही. फोटो काढताना माणूस केस विंचरतो, त्यातलाच हा प्रकार समजतात.

नवनाथ आणि त्याची बायको कस्तुरा राहत होती कंपनीच्याच खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. जागा आबाजींची. आबाजी म्हणजे तळवड्याचे जुने गावकरी. त्यांची बाकीची जमीन कधीच शेडांखाली गेली होती, ओढ्याकाठची ही चिंचोळी पट्टी कोणी घेईना म्हणून राहिली होती. पट्टीत एक विहीर आणि एक पत्र्याची खोली. "ऱ्हावा, भाजीपाला करा, हिरीवर ध्यान ठिवा. आमाला काय द्यायचं न्हाई," असं आबाजी म्हणाले होते. कस्तुराच्या हाताला माती लागली की काहीही उगवतं. तिने मेथी, पालक, कोथिंबीर केली आणि चिंचवड स्टेशनबाहेर पथारी टाकून विकली. तिची मेथी संपल्याशिवाय गिऱ्हाइकं शेजारणींची उचलत नसत, इतकं तिचं नाव झालं होतं.

मग कंपनीत लाल रंगाचं काम वाढलं, ओढा लाल झाला आणि मागोमाग विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. दिसायला पाणी नितळच. पण बादलीच्या कडेला एक तांबूस रेघ धरायची आणि अंगाला खाज सुटायची. एक दिवस कस्तुराने काढणीला आलेला मेथीचा अख्खा वाफा उपटून बांधावर टाकला. नवनाथ म्हणाला, अगं निदान एवढी विकून तरी मग बंद कर. त्यावर ती म्हणाली, "जे पानी आपल्याच्यानं पिववत न्हाई, त्याची भाजी लोकांच्या पोटात कशी घालावी?" आणि ती आयटी पार्कात फरशी पुसायच्या कामाला लागली. प्यायला, स्वयंपाकाला गावठाणातल्या नळावरून हंडे आणायची. पट्टी ओसाड पडली. जाता-येता त्या मातीवर तिची नजर जायची आणि ती मान फिरवून घ्यायची, ते नवनाथला बघवत नसे.

अशात वर्षाली आली.

वर्षाली चिंचवडची, पुण्यातल्या एका कॉलेजात पीएचडी करणारी. तिच्या सरांची आणि दिग्विजय साहेबांची जुनी ओळख होती, म्हणून तिला तिचं यंत्र लावून बघायला ईटीपीतला एक कोपरा मिळाला. यंत्र म्हणजे माणसाच्या उंचीचा स्टीलचा पिंप, आत फिरणारा दांडा आणि बुडाशी एक दांडगं चुंबक. वरून रंगाचं पाणी घालायचं, पिंपातून निघालेलं पाणी शेजारच्या निळ्या टाकीत दिवसभर साठायचं. वर्षाली दोन्हीकडचं पाणी बाटलीत भरून न्यायची आणि किती रंग गेला ते मोजायची. ईटीपीत खुर्ची टाकून डबा खाणारी ती पहिलीच शिकलेली बाई. आपल्या डब्यातली भाजी ती नवनाथच्या डब्यात वाढायची, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मॅडमची ताई झाली.

तिने त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. "पावसाळ्यात ओल्या लाकडावर पांढरी बुरशी चढते बघा, भाऊ. ती ज्याच्या जोरावर लाकूड पचवते ते एन्झाइम आम्ही काढून घेतो. ते रंगसुद्धा पचवतं. पण नुसतं पाण्यात टाकलं तर पाण्याबरोबर वाहून जाईल. म्हणून लोखंडाच्या कणांवर पक्कं बसवलंय. कण इतके बारीक, की डोळ्यांना दिसायचे नाहीत, काळं पाणीच वाटेल. काम झालं की चुंबक लावायचं, सगळे कण तळाशी. पाणी पुढे जातं, कण मागे राहतात. पुन्हा वापरायचे."

"इरजनावानी," नवनाथ म्हणाला.

"बरोबर. फक्त हे वाढत नाही."

नवनाथने पिंपावरून हात फिरवला. "ताई, ह्यानं वढा साफ हुईल?"

"तुमच्या कंपनीपुरता तरी होईल," वर्षाली म्हणाली. "हे एकदा पास झालं ना, की रंगाचं पाणी इथून बाहेर जायचं कारणच नाही."

त्याने घरी येऊन कस्तुराला हे जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "बगू," ती म्हणाली. "पास झालं की मला सांगा. मंग मेथी टाकते."

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळं घोडं इथे अडलं. वर्षाली पहिल्यांदा पाणी न्यायला आली तेव्हा तिच्या पिशवीत बाटल्या खुळखुळत होत्या. बाटल्या दिसल्या की शहेबाजचा हात आपोआप फोनकडे जायचा, तसा गेला. मिस्ड कॉल आला की नवनाथचा हात आपोआप पाइपाकडे जायचा, तसा गेला. तिला फसवावं असं त्याच्या मनातही नव्हतं. यंत्र आपलं काम करतंय याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. पुण्याची शिकलेली मुलगी, तिच्या हातचं यंत्र, ते का चालणार नाही? पण परीक्षेला जाणाऱ्या लेकराचं तोंड आपण ओल्या फडक्याने पुसतोच, म्हणजे लेकरू हुशार नाही असं थोडंच होतं. ताईचं काम उठून दिसावं म्हणून त्याने निळ्या टाकीत पाइप सोडला, आणि ती कोपऱ्यावरून वळताना दिसली तसा काढून गुंडाळून ठेवला. पुढच्या वेळी तेच, त्याच्या पुढच्या वेळीही तेच. टाकीत पाणी वाढलेलं कोणाला कळायचं नाही, कारण टाकी मोठी होती आणि नवनाथ हाताचा पक्का होता.

निकाल आले ते डोळे दिपवणारे. शंभरात नव्वद भाग रंग गेला. वर्षालीने फोनवर आकडे दाखवले. "प्रयोगशाळेत इतके येत नव्हते, भाऊ. इथे जास्त येतायत," ती म्हणाली. याचं तिला नवल वाटायला हवं होतं. तिला आनंद झाला. आनंदाच्या माणसाला आपण काय दोष द्यायचा? तिच्या सरांनी परदेशातल्या मासिकाला लेख पाठवून दिला. दिग्विजय साहेबांनी कंपनीत पेढे वाटले आणि आयुष्यात पहिल्यांदा ईटीपीत येऊन नवनाथच्या खांद्यावर हात ठेवला.

आणि नवनाथने घरी जाऊन कस्तुराला सांगितलं, नव्वद टक्के.

"म्हंजी पास?"

"सायेब लोकं येऊन बगतील तवा पक्कं पास. पन झाल्यातच जमा हाय."

कस्तुरा उठली. पत्र्याखाली खोचून ठेवलेलं मेथीदाण्यांचं गाठोडं तिने खाली काढलं, तळहातावर दाणे घेऊन फुंकर मारून बघितले. त्या रविवारी दोघांनी मिळून वाफे बांधले. ती पुढे दाणे फेकत चालली होती आणि तो मागून माती लोटत होता, आणि कितीतरी दिवसांनी ती काहीबाही गुणगुणत होती. तळवड्यात आल्यापासूनचा तो त्यांचा सगळ्यात चांगला दिवस होता.

यंत्र चालतंय म्हटल्यावर दिग्विजय साहेबांनी हिशोबी डोकं चालवलं. रंगाच्या हौदातलं वापरून झालेलं जुनं, दाट पाणी आजवर टँकरने बाहेर पाठवलं जायचं, कारण ते ओढ्यात सोडायची कोणाची छाती नव्हती. साहेबांनी टँकर बंद केले. तेही पाणी नवनाथकडे वळवलं. "आता मॅडमचं यंत्र आहे ना," ते म्हणाले. वर्षालीला हे ऐकून केवढा अभिमान वाटला. आपल्या यंत्रावर कंपनीने एवढी भिस्त ठेवली, असं तिने नवनाथला दोनदा सांगितलं.

गुरुवार म्हणजे या पट्ट्याची सुट्टी. पण त्या गुरुवारी निकडीची ऑर्डर होती, म्हणून ओव्हरटाइम लावून कंपनी चालू ठेवली होती. शहेबाज रजेवर होता. आणि एमआयडीसीच्या पाइपलाइनची दुरुस्ती निघाल्यामुळे चांगलं पाणी सकाळपासून बंद. नवनाथ दाट लाल पाणी पिंपात सोडून बिडी ओढत बसला होता, तेवढ्यात वर्षालीचा फोन आला. "भाऊ, मी गेटवर आहे. प्रदूषण मंडळाचे लोक पुढच्या आठवड्यात येतायत, त्याआधी एक शेवटचं सॅम्पल घेऊन ठेवते."

नवनाथ उठला, पाइप निळ्या टाकीत टाकला आणि कॉक फिरवला. पाइपाने नुसता एक उसासा टाकला. मग त्याने टाकीत वाकून बघितलं. खरं तर त्याने याआधी पाइप सोडायच्या अगोदर टाकीत कधी निरखून पाहिलंच नव्हतं. पाणी लाल होतं. पिंपात घातलं होतं तसंच, जास्वंदीसारखं लाल. त्याने डबा बुडवून बाहेर काढला, उजेडात धरला, पिंपाच्या वरचं पाणी दुसऱ्या डब्यात घेऊन शेजारी धरलं. दोन्ही डबे सारखे.

वर्षाली आली तेव्हा तो दोन डबे दोन हातांत धरून उभा होता. तिने एकदा डब्यांकडे बघितलं आणि एकदा कोरड्या पाइपाकडे.

"आज काय झालं याला?" ती म्हणाली. "चुंबक लावून ठेवलंत का?"

"न्हाई, ताई."

"मग?"

नवनाथला खोटं बोलता आलं असतं. चुंबक चुकून लागलं होतं, एवढं म्हणाला असता तरी तिने मानलं असतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर मेथीचे वाफे आले, आणि त्याने सगळं सांगून टाकलं. पहिल्या दिवसापासून, घरच्या विहिरीसकट. सांगताना तो तिच्या चपलांकडे बघत होता. "सगळ्याच पाहुन्यांला सोडतो, ताई. म्हनलं, तुमचंबी चांगलं दिसावं. यंतर चालत नसंल असं सपनातबी आलं न्हाई."

ती खुर्चीवर बसली. ती त्याला एक शब्दही टाकून बोलली नाही, आणि तेच नवनाथला जास्त लागलं. मग ती म्हणाली, "पाण्यातले क्षार मोजले असते तर त्याच दिवशी कळलं असतं. चांगलं पाणी घातलं की क्षार कमी होतात, एवढी साधी गोष्ट. मी मोजले नाहीत. आकडे चांगले येत होते ना."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. नवे कण बनवून आणले, पिंप धुऊन पुसून भरला. नवनाथने पाइपच उचलून शेडबाहेर नेऊन टाकला. पहिल्या पाण्याला रंग खरंच उतरला. अर्धाअधिक उतरला, आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या पाण्याला थोडा उतरला. तिसऱ्यापासून पाणी जसं आत जायचं तसंच बाहेर यायचं. तिने पाणी पातळ करून बघितलं, आम्ल कमी करून बघितलं, दांडा मंद फिरवून बघितला. काळे कण चुंबकाला इमानाने चिकटत होते, पण त्यांच्यावर बसवलेलं एन्झाइम केव्हाच मेलेलं होतं.

"लॅबमधलं पाणी मी स्वतः बनवलं होतं," ती म्हणाली. "स्वच्छ पाण्यात एक रंग. इथे रंगाबरोबर धातू आहेत, साबण आहे, काय काय आहे देव जाणे. हे विष आहे, भाऊ. याच्यात ते दोन तासही जगत नाही."

"मंग आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून. वेगळे कण, वेगळं कवच. तीनचार वर्षं लागतील. कदाचित तरीही जमणार नाही."

ती सगळं खरं सांगायला दिग्विजय साहेबांकडे गेली. नवनाथलाही सोबत नेलं. दिग्विजय साहेब वाईट माणूस होते असं म्हणवत नाही. चिडले नाहीत, आवाज चढवला नाही, तिच्यासाठी सरबत मागवलं. "मॅडम, पाणी घाला असं मी कोणाला सांगितलं का?" ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं का? मग झालं तर. नवीन लाइनला परवानगी मिळायची आहे, शंभर पोरं कामाला लागतील. तुमच्या यंत्राच्या भरवशावर आम्ही अर्ज केलाय. आता तुम्हीच येऊन म्हणणार, यंत्र चालत नाही? आणि तुमचा तो लेख? तुमच्या सरांचं काय?"

सरांशी ती फोनवर बोलली, ईटीपीच्या मागे उभी राहून. नवनाथला तिचीच बाजू ऐकू येत होती. "हो सर... पण सर, आकडे खोटे आहेत... हो, छापून आलाय, कळलं... नाही, घरी काही बोलले नाही अजून..." मग ती नुसतीच "हो सर" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने तोंड धुतलं आणि डबा न खाता निघून गेली. डबा खुर्चीवरच राहिला.

या सगळ्या दिवसांत नवनाथने कस्तुराला काही सांगितलं नाही. मेथी वर आली होती. विहिरीचं पाणी पिऊन ती हिरवीगार झाली होती, आणि कस्तुरा कामावरून आली की आधी वाफ्यात जाऊन बसायची. ताई काहीतरी करेल, असं तो स्वतःला सांगत होता. ताई मंडळाच्या लोकांसमोर उभी राहील आणि खरं काय ते बोलेल. मग ओरडाआरडा होईल, आपली नोकरीही जाईल, पण निदान टँकर पुन्हा सुरू होतील. असल्या आशेला काय अर्थ असतो, पण माणूस दुसरं करणार काय.

मंडळाचे लोक आले. दोन साहेब आणि बाटल्या धरणारा एक माणूस. शहेबाज कामावर होता, त्याने त्यांना बसवून ठेवलं आणि मिस्ड कॉल दिला. नवनाथच्या खिशात फोन थरथरला. तो जागचा हलला नाही. पाइप अजून शेडबाहेर पडला होता. वर्षाली पिंपाशी उभी होती. तिने ठेवणीतली साडी नेसली होती, तिच्या आईची असावी. तिने त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत राहिला. ती म्हणेल ते ऐकायचं असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"नवनाथभाऊ," ती म्हणाली. आवाज इतका लहान की पिंपाच्या घरघरीत जवळजवळ बुडाला. "पाइप आणा."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हनलात?"

"पाणी सोडा, भाऊ. ते येतायत."

नवनाथने पाइप आणला. निळ्या टाकीत टाकला, कॉक फिरवला. पाणी भसाभसा पडायला लागलं आणि लाल रंग हळूहळू ढवळून निवळत गेला. वर्षाली पाठ करून उभी होती. साहेब लोक वळणावर दिसले तसा त्याने पाइप काढला आणि गुंडाळून ठेवला, नेहमीसारखाच, एकही थेंब न सांडता.

सगळं छान पार पडलं. साहेबांनी चुंबक बघितलं, कण बघितले, लहान पोरांसारखे प्रश्न विचारले. वर्षालीने सगळ्यांची उत्तरं दिली आणि छान दिली, तेवढं तिला येतच होतं. बाटल्या भरल्या. मोठे साहेब म्हणाले, असं यंत्र प्रत्येक कंपनीत बसायला पाहिजे. दिग्विजय साहेबांनी शाल-श्रीफळ काढलं. वर्षालीने नारळ घेतला, नमस्कार केला. जाताना ती नवनाथपाशी थांबली आणि म्हणाली, "वहिनींना सांगा, त्या विहिरीचं पाणी वापरू नका."

"सांगतो," नवनाथ म्हणाला. त्याला तिचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. ती गेटकडे जाताना नारळ दोन्ही हातांत धरून चालली होती, सांडेल असं काही त्यात असल्यासारखी. पुन्हा ती ईटीपीत आली नाही.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा कस्तुरा मेथी काढत होती. काढलेल्या जुड्या शेजारी रांगेत लावल्या होत्या. तिने मान वर केली, आणि तिचा चेहरा बघून नवनाथला कळलं की बातमी आधीच पोचली आहे.

"शहेबाजभाऊ सांगून गेले. पास झालं म्हनून," ती म्हणाली. "उद्या पहाटे निघते. जागा धरून ठिवली हाय शेजारनीनं. तुमी बी चला की स्टेशनापर्यंत, टोपली जड हुईल."

नवनाथ बांधावर बसला. आणि त्याने तिला सांगितलं. पाइपाचं, निळ्या टाकीचं, टँकर बंद झाल्याचं, गुरुवारचं, आजचं. तिचे हात चालायचे थांबले.

"म्हंजी पानी हाय तसंच?"

"पयल्यापरीस वाईट."

"आन पास कसं झालं मंग?"

"म्या पाइप सोडला. ताई म्हनल्या, सोड."

ओढ्याचा वास येत होता. समोर वाफे होते, हिरवेकंच, हात लावला तर पान मोडेल असे कोवळे. नवनाथ उठून उभा राहिला. तिने मागच्या वेळी काय केलं होतं ते त्याला आठवत होतं, आणि आज तिने तेच करावं असं त्याला मनापासून वाटत होतं. सगळ्या तळवड्यात निदान एका माणसाने तरी. त्याने बाह्या सारल्या.

"उपटू?" त्याने विचारलं. "दोगं मिळून उपटू. लवकर हुईल."

कस्तुराने त्याच्याकडे बघितलं. मग हातातली अर्धी जुडी पुरी केली, गवताच्या काडीने बांधली.

"येवढ्या मोठ्या सायबांनी पास केलंय," ती म्हणाली. "मी कोन नापास करनारी?"

ताजी राहावी म्हणून तिने जुडी विहिरीच्या पाण्याच्या बादलीत बुडवली, झटकली आणि टोपलीत ठेवली. मग दुसरी घेतली. नवनाथ तिथेच उभा होता. टोपली भरत आली तेव्हा ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ह्यातली घरात नेऊ नगा," आणि हंडा उचलून गावठाणातल्या नळाकडे गेली.